जहाज खरं, एजंट खोटा

अटलांटिक महासागर मालवाहू जहाजाने ओलांडायचा म्हणून मी १३८० युरो भरले आणि अँटवर्प बंदराच्या गेटवरून बॅग ओढत परत आले. लिहायलाही लाज वाटते, कारण मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. चौकशी अगदी कसून केली होती, फक्त भलत्याच गोष्टीची.

कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काही महिने विमान टाळायला सांगितलं होतं आणि मला युरोपातून अमेरिकेला बहिणीकडे पोचायचं होतं. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणारं क्वीन मेरी २ हे प्रवासी जहाज सात रात्रींत पोचवतं, पण माझ्या तारखांचं भाडं झेपणारं नव्हतं. त्यातून एकट्या माणसाला बहुतेक ठिकाणी दोघांच्या केबिनचं जवळजवळ पूर्ण भाडं पडतं. शोधता शोधता कंटेनर जहाजाची जाहिरात सापडली. रोजचे ९५ युरो, बारा दिवस, जेवण अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. केबिनच्या फोटोत निळ्या चौकड्यांचा पडदा होता आणि खिडकीबाहेर समुद्र नव्हे, तर गंजक्या कंटेनरची भिंत. त्या भिंतीनेच मला गळाला लावलं. फसवणारा माणूस असलं भिकार दृश्य कशाला दाखवेल?

जाहिरात देणारा एजंट बोलला त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. मालवाहू जहाजाला बारापर्यंतच प्रवासी नेता येतात. तेरावा चढला की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरतं. त्यावरून ‘बारापैकी दोनच जागा उरल्यात’ ही घाई. जहाजावर सहसा डॉक्टर नसतो, म्हणून फिटनेस सर्टिफिकेट. प्रवासी आजारी पडला आणि जहाजाला वाट सोडून दुसऱ्या बंदरात जावं लागलं तर तो खर्च भरायला डेव्हिएशन इन्शुरन्स. हाही प्रकार खराच आहे. त्याचे माझ्याकडून २४० युरो घेतले. मालाच्या हिशेबाने तारखा पुढेमागे होतात हेही खरं, त्यामुळे निघायचा दिवस दोनदा बदलला तेव्हा शंका येण्याऐवजी माझा विश्वासच वाढला.

त्याने एकच गोष्ट गाळली. २०२० मध्ये कोविड आल्यावर बहुतेक कंपन्यांनी मालवाहू जहाजांवर प्रवासी घेणं थांबवलं आणि त्यातल्या अनेकांनी ते पुन्हा सुरू केलंच नाही.

आता माझी हुशारी ऐका. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, असतो. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा आकडा. क्वीन मेरी २ चा नंबर ९२४१०६१. बेरीज १११ येते, शेवटी १, जमलं. एजंटने दिलेला नंबर मी असाच कागदावर मांडून पाहिला. तोही जमला. मग जहाजांचा माग दाखवणाऱ्या नकाशावर ते शोधलं, तर खरोखर अँटवर्पकडे येत होतं! मी स्वतःवरच खूश. जहाज खरं निघालं म्हणून एजंटही खरा धरला. त्या जहाजाच्या कंपनीला ‘तुम्ही प्रवासी घेता का?’ एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती, ते सुचलंच नाही.

एक खूण मात्र हातातून निसटली. त्याने ‘एस्टा’चे ९० युरो मागितले. एस्टा ही अमेरिकेची ऑनलाइन प्रवास-परवानगी, ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी असते. माझा पासपोर्ट भारतीय, त्यावर रीतसर व्हिसा. तसं कळवल्यावर तो म्हणाला, ‘बरं मॅडम, तुमच्यासाठी माफ.’ सरकारी फी एजंट कधीपासून माफ करायला लागला? तेव्हा मला वाटलं, माणूस सौजन्याचा आहे.

आधी ५७०, मग इन्शुरन्सचे २४०, निघण्याआधी आठवडाभर उरलेले ५७०. तिन्ही वेळा बँकेतून थेट, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर.

टर्मिनलच्या गेटवर गार्डने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. यादीत नाव नसेल तर पाऊल आत टाकता येत नाही. बंदरांच्या सुरक्षेचे हे नियम २००४ पासूनचे. जहाज तिथेच होतं, क्रेनमागे त्याचा पांढरा मनोरा दिसत होता. गार्डने आत फोन लावला, ऐकून घेतलं, माझा कागद परत दिला आणि म्हणाला, ‘हे जहाज माणसं नेत नाही.’ मग हलक्या आवाजात, ‘याआधीही एकजण आला होता.’

पोलिसांत तक्रार दिली, पैसे काही परत आले नाहीत. कार्डने भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, तरी मागता आला असता. पैशांपेक्षा जास्त सलतं ते वेगळंच: पासपोर्टची प्रत आणि माझं मेडिकल सर्टिफिकेट अजून त्या एजंटकडे आहे.

पोचले कशी? शरद ऋतूत भूमध्य समुद्रातली क्रूझ जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडे हलवली जातात. हे एकतर्फी प्रवास बरेच स्वस्त मिळतात. वसंतात तीच जहाजं उलट येतात. बिनखिडकीची केबिन घेतली, कंपनीकडूनच, कार्डने. एकटीचा जादा आकार आणि रोजची टीप धरूनही रात्रीचा हिशेब त्या ९५ युरोंच्या आत बसला. दोन आठवडे लागले, कानाला काही झालं नाही.

‘जहाजावर काम करत फुकट जा, फक्त नोंदणी फी भरा’ अशाही जाहिराती असतात. व्यापारी जहाजावर काम करायला एसटीसीडब्ल्यू या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घेतलेल्या प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं लागतात, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घ्यायला आंतरराष्ट्रीय करारानेच मनाई आहे. तेव्हा फी मागितली की तिथूनच परत फिरा.

परवा तो निळ्या चौकड्यांचा पडदा पुन्हा दिसला. एजन्सीचं नाव नवीन, खिडकीबाहेर तीच गंजकी भिंत, भाडं रोजचे ९० युरो. बारापैकी दोन जागा शिल्लक.