गाणी नसलेला पंक एलपी: जेलो बियाफ्रा, काही महिन्यांनंतर

आधीच सांगतो, यात गिटार नाही, ड्रम नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज' या पंक बँडचा गायक जेलो बियाफ्रा लोकांसमोर उभा राहून बोलतोय, बस्स. 'हाय प्रीस्ट ऑफ हार्मफुल मॅटर' हा त्याचा १९८९ चा डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्यांची रेकॉर्ड. पावसाळ्याआधी सेकंडहँड घेतला, अजूनही अधूनमधून लावतो.

घेतला तो खटल्याच्या किश्श्यासाठी. बँडच्या १९८५ च्या 'फ्रँकेनक्राइस्ट' अल्बमसोबत स्विस चित्रकार एच. आर. गीगरच्या चित्राचं पोस्टर होतं. ओळीने जननेंद्रियं, दुसरं काही नाही. एका मुलीने तो अल्बम धाकट्या भावाला भेट म्हणून घेतला, आईने पोस्टर पाहिलं आणि तक्रार थेट कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलकडे गेली. एप्रिल १९८६ मध्ये बियाफ्राच्या घराची झडती झाली. आरोप काय, तर अल्पवयीनांपर्यंत अपायकारक साहित्य पोहोचवलं. वर्षभर कैद आणि २,००० डॉलर दंड होऊ शकत होता. ऑगस्ट १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीचं एकमत झालं नाही, सात जण सोडून द्या म्हणणारे, पाच विरोधात, आणि खटला बारगळला. बँड तोवर मोडलाच होता.

एवढं कुठेही वाचायला मिळतं. पण ज्याच्या मानगुटीवर हे बसलं होतं त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. बियाफ्राचा आवाज नाकातला, कापरा. चिडला की वर चढतो, आणि नेमकं तिथेच लोक हसतात. आपण कथाकथनं ऐकत वाढलेलो, त्यामुळे थांबायचं कुठे हे त्याला कळतं, ते लगेच लक्षात येतं.

आता रेकॉर्डबद्दल. गाण्यात खपून जाणारी खरखर बोलण्यात खपत नाही. तो थांबला की प्रत्येक टिचकी ऐकू येते. सुई मधल्या लेबलजवळ पोहोचली की 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे फुटायला लागतात. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसवून घेतल्यावर हे बरंच कमी झालं, गेलं नाही. विकणाऱ्याने 'उत्तम स्थितीत' म्हटलं होतं. एका बाजूवर चांगला लांब ओरखडा निघाला.

बाकीचा मजकूर सगळाच टिकलेला नाही. टिपर गोर यांची पीएमआरसी (गाण्यांतल्या मजकुरावर आक्षेप घेणारी पालकांची संघटना), अल्बमवरचे इशाऱ्याचे स्टिकर, रेगनकाळातले टोमणे... माहिती असेल तर मजा, नसेल तर एखादी बाजू भाषण वाटते. मी ती आता सरळ टाळतो. आणि भांडी घासताना लावायची रेकॉर्ड ही नव्हे. बोलणं वेगवान आहे, दोन वाक्यं सुटली की धागा गेला.

इंग्रजी कानाला सरावलेलं असेल आणि सेन्सॉरशिपच्या भानगडींत रस असेल तर जरूर घ्या, पण आधी विकणाऱ्याकडून चारही बाजूंचे फोटो मागवा. बियाफ्राचं गाणंच ऐकायचं असेल तर 'फ्रँकेनक्राइस्ट' बरा. पोस्टरसकट प्रत मिळाली तर जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा.