पेरणीला एक मॉडेल, पाचटाला दुसरं

सोलापुरात ज्वारी आज पेरायची की दोन दिवस थांबायचं, हे विचारायचं हवामानाच्या मॉडेलला, म्हणजे संगणकावर मांडलेल्या गणिताला. २०२५ मध्ये आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या चौकटींत गणित मांडते. तरी शेजारच्या शिवारात कोसळून आपल्याकडे न फिरकणारी सर निसटतेच. आजच्या नोंदीतली बारीक चूक आठ-दहा दिवसांत अंदाज भरकटवते.

कार्बनच्या मॉडेलला आजच्या ढगाचं सोयरसुतक नाही. पिकानं हवेतून किती कार्बन घेतला, धसकटं कुजून किती परत गेला, काळ्या मातीत किती उरला, हा हिशेब ते दशकानुदशकं चालवतं. मॉडेलमधला मातीतला कार्बनसाठा स्थिरावावा म्हणून आधी हजारो वर्षांचं गणित नुसतंच फिरवायचं! इथली चूक कुजण्याच्या वेगात दडते, लवकर उघडी पडत नाही. तरी उसाचं पाचट जाळावं की कुजवावं, हे मी यालाच विचारेन.