रंगांधांसाठीचा चष्मा: दोन तारे, तेही काचेला

साडेसहा हजारांना ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे चष्मे साधारण एकाच तत्त्वावर चालतात. फ्रेम हलकी आहे, डबी भक्कम, काचेवर जांभळट झाक आहे (असं बायको म्हणते).

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिली परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद, सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनने रंगवलेला. मुलांना जलवाहिन्या लालभडक दिसतात, आजूबाजूच्या पेशी हिरव्या. मला सगळं एकाच मातकट छटेत. चष्मा लावल्यावर जलवाहिन्या जरा उठून दिसल्या, पण गडद-फिक्याच्या फरकाने. नवा रंग कुठलाच आला नाही. तेवढं काम दिव्यावर लाल जिलेटिन कागद धरला तरी होतं, उलट जास्त चांगलं होतं.

आमच्या खेळाच्या सरांनाही रंगांधत्व आहे, पण सौम्य. त्यांना तोच चष्मा दिला तर गवतातला लाल चेंडू पटकन सापडतो म्हणाले. एकच काच, मग असं का?

उत्तर आपल्या जनुकांच्या इतिहासात आहे. आपल्या आणि माकडांच्या पूर्वजांकडे एक्स गुणसूत्रावर लांब तरंगलांबीचा प्रकाश टिपणारं प्रथिन बनवणारं एकच जनुक होतं. साधारण ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या वंशात (आपण त्यातलेच) त्याची शेजारीच दुसरी प्रत तयार झाली. मूळ काम एक प्रत सांभाळते, म्हणून दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा जोरात मांडला होता. इथे बदल फार मोठे नाहीत. दोन्ही प्रथिनं ३६४ अमिनो आम्लांची, फरक जेमतेम पंधराएक ठिकाणी, आणि त्यातल्या तीन जागांवर बहुतेक भिस्त. तेवढ्यावर एक (त्याला हिरव्याचं म्हणतात) ५३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील झालं, दुसरं (लालचं) ५६० च्या. कॉलेजच्या आवारातल्या माकडांना वडाची लाल फळं हिरव्या पानांत लांबून दिसतात ती या दोन प्रतींमुळे. अमेरिका खंडातल्या बहुतेक माकडांकडे अजून एकच जनुक आहे. हाउलर माकडांत मात्र दुसरी प्रत स्वतंत्रपणे तयार झाली.

पण शेजारी-शेजारी असलेली इतकी सारखी जनुकं धोक्याचीही असतात. आईच्या शरीरात अंडपेशी बनताना दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांसमोर येतात, तेव्हा जुळणी सदऱ्याच्या गुंडीसारखी एक घर चुकते. एका बाजूला प्रत जास्त होते, दुसरीकडे कमी. कधी अर्धं हे, अर्धं ते असं संमिश्र जनुक तयार होतं. मला आईकडून जो एक्स मिळाला त्यात हिरव्याची प्रतच नाही. माझ्या मामांचंही तेच. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टनही आमच्याच गटातला. त्याचे डोळे जपून ठेवले होते, १९९५ मध्ये त्यांतला डीएनए तपासून हे सिद्ध झालं. सरांकडे दोन्ही प्रथिनं आहेत, फक्त त्यांचे आवाके एकमेकांच्या फार जवळ सरकलेत.

चष्मा काय करतो? जिथे दोन्ही प्रथिनं जवळपास सारखीच उत्तेजित होतात, तो मधला प्रकाशाचा पट्टा गाळतो, म्हणजे उरलेल्या प्रकाशात दोघांतला फरक वाढतो. सरांना म्हणूनच फायदा. माझ्याकडे दुसरं प्रथिनच नाही, तर फरक कशाचा वाढवणार?

त्यामुळे काचेला दोष नाही. विकण्याची पद्धत मला पटली नाही. डोळ्यांत पाणी आलेल्या लोकांचे व्हिडिओ भरपूर, पण तुमचं रंगांधत्व कुठल्या प्रकारचं, हा प्रश्न मागणी नोंदवताना कुठेही नाही. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवरूनही प्रकार नीट ठरत नाही; नेत्रतज्ज्ञाकडे अ‍ॅनोमॅलोस्कोप (लाल-हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवायला लावणारं उपकरण) असेल तर त्यावर तपासून घ्या. सौम्य प्रकार निघाला तर परत करण्याची मुदत विचारून खुशाल मागवा. चष्म्यामुळे रेल्वेच्या वैद्यकीय चाचणीत पास होऊ, अशी आशा मात्र विद्यार्थ्यांनी धरू नये. आणि रात्री गाडी चालवताना तो लावू नका, काच बरीच काळपट आहे.