स्कायरिममधला धनुर्धर: आधी बाण, मग धनुष्य

स्कायरिममध्ये तलवार-ढाल घेऊन सुरुवात करा नाहीतर आगीचे गोळे फेकत, विसाव्या लेव्हलपर्यंत बहुतेकांच्या हातात धनुष्य आलेलं असतं आणि पात्र कायमचं वाकून चालायला लागलेलं असतं. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या बेथेस्डा कंपनीच्या या काल्पनिक दुनियेतल्या गेमवरचा हा विनोद अजून शिळा झालेला नाही. कारण सरळ आहे. इथली तलवारबाजी म्हणजे बटण बडवणं, तिरंदाजी मात्र मनापासून केलेली आहे. लांब पल्ल्यावर बाण खाली येतो, पळणाऱ्या हरणाच्या पुढे नेम धरावा लागतो आणि दोरी अर्धवट ओढून सोडली तर बाण समोर जेमतेम टोचतो.

गेम एका ठिकाणी मात्र फसवतो, ते म्हणजे इन्व्हेंटरीत दिसणारा डॅमेजचा आकडा. धनुष्याचा आणि बाणाचा डॅमेज एकत्र मोजला जातो, पण दोरी किती वेगात ओढली जाते हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. डेड्रिक बोचा मूळ डॅमेज १९ आणि लोखंडी बाणाचा ८, मिळून २७. साध्या हंटिंग बोचा ७ आणि ग्लासच्या बाणाचा १८, मिळून २५. आता वेग बघा: हंटिंग बोचा ०.९३७५, डेड्रिकचा ०.५. दोन आकड्यांच्या फरकासाठी दोरी ओढण्यात जवळपास दुप्पट वेळ जातो, शिवाय सात वजनाच्या जागी अठरा वजन पाठीवर. त्यामुळे सुरुवातीचं सोनं धनुष्यावर उधळू नका, चांगल्या बाणांवर घाला. सर्व्हायव्हल मोड बंद असेल तर बाणांना वजन नसतं, शेकड्यांनी बाळगा.

वंशाचा फार विचार करायची गरज नाही. वुड एल्फची आर्चरी, म्हणजे तिरंदाजीचं कौशल्य, २५ पासून सुरू होते, बहुतेकांची १५ पासून. हा फरक दोन-तीन तासांत भरून निघतो. गेमच्या सुरुवातीच्या हेल्गेन गावातून निघाल्यावर वाटेत लागणाऱ्या तीन शिळांपाशी मात्र गफलत होते. धनुष्य म्हणजे चोराचं हत्यार असं समजून लोक थीफ स्टोनला हात लावतात. या गेममध्ये आर्चरी योद्ध्याच्या कौशल्यांत मोडते, तिच्या शिकण्याला २० टक्के वेग देतो वॉरियर स्टोन. थीफ स्टोनने स्नीक (लपून वावरणं) आणि लाइट आर्मर (हलकं चिलखत) लवकर वाढतात. तरीही थीफ घ्या, कारण आर्चरी जवळजवळ फुकटात शिकता येते.

ती शिकवतो रिव्हरवुडचा फेंडल. कॅमिलावरून त्याचं आणि स्वेनचं भांडण चालू असतं, त्यात फेंडलची बाजू घ्या. तो सोबती होतो. मग त्याच्याकडून शिकवणी घ्या, फी भरा आणि लगेच त्याचीच पिशवी उघडून पैसे परत काढून घ्या. लेव्हलमागे पाच वेळा, असं आर्चरी ५० होईपर्यंत. गुरुदक्षिणा परत घेणं शोभत नाही, पण गेमने दार उघडं ठेवलंय. पुढे कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीतली एला ७५ पर्यंत नेते आणि थीव्ज गिल्डमधला निरुइन ९० पर्यंत.

पर्कमध्ये, म्हणजे लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास क्षमतांमध्ये, ओव्हरड्रॉ सगळ्यात आधी. पाच पायऱ्या, दर पायरीला २० टक्के, शेवटची आर्चरी ८० वर, म्हणजे डॅमेज दुप्पट. ३० वर ईगल आय घ्या. नेम जवळ आणतो, त्यात स्टॅमिना जातो. ४० वरच्या स्टेडी हँडने झूम करताना वेळ मंदावते. ५० वरचा पॉवर शॉट हा झाडावरचा सगळ्यात गुणी पर्क: निम्म्या वेळा समोरचा लडखडतो, म्हणजे अंगावर धावून येणाऱ्याला दुसरा बाण आयताच बसतो. ७० वर क्विक शॉट, दोरी ३० टक्के लवकर. क्रिटिकल शॉट नावाने भुलवतो, पण पहिल्या पायरीवर फक्त १० टक्के शक्यता आणि मिळतो तो मूळ डॅमेजच्या निम्मा जादा. तो एकदाच घ्या, तेही त्याच्यामागे हंटर्स डिसिप्लिन आहे म्हणून. त्याने दुप्पट बाण परत मिळतात.

खरी मारक शक्ती स्नीकमध्ये आहे. लपून मारलेला बाण मुळात दुप्पट लागतो, स्नीक ४० वरच्या डेडली एमनंतर तिप्पट. ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात हे नीट दिसतं. कोनाड्यात ड्रॉगर (जिवंत झालेलं प्रेत) आडवा असतो, दारातच थांबून, वाकून, दोरी पूर्ण ओढून डोक्यावर बाण. तो तिथेच संपतो, शेजारचा उठतो, इकडेतिकडे बघतो. तेव्हा दुसरा बाण लगेच सोडायचा नाही. सावलीत दोन पावलं मागे, तुम्ही दिसताय का हे दाखवणारा स्क्रीनवरचा डोळा पूर्ण मिटेपर्यंत थांबायचं, मगच सोडायचा. घाईने पुढे गेलात की तिप्पट गेलं आणि समोरासमोरची मारामारी आली. (डोक्यात बाण रुतलेला डाकू 'भास झाला असेल' म्हणून पुन्हा पहाऱ्यावर जातो, त्यावर हसू येणारच.) ड्रॉगरवर विष वाया घालवू नका, त्यांना ते लागत नाही, बर्फाची जादूही अर्धीच लागते. धनुष्यावर आगच चढवा.

माणसांवर मात्र विष जबरदस्त. डेथबेल आणि रिव्हर बेटी मासा एकत्र केला की आरोग्यही घटतं आणि चालही मंदावते. केनिस रूट आणि इम्प स्टूल यांतून समोरच्याला लुळं पाडणारं विष तयार होतं. तेच केनिस रूट ज्युनिपर बेरीसोबत घातलं तर आर्चरी वाढवणारं औषध होतं. त्यामुळे दलदलीत दिसेल तिथे ते खुडत जा.

जादूच्या बाबतीत लक्षात ठेवायची गोष्ट एकच: आर्चरी वाढवणारी एन्चांटमेंट डोकं, हात, अंगठी आणि माळ या चार जागी बसते. एन्चांटिंग १०० आणि सगळे पर्क असतील तर जागेमागे ४० टक्के. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीचे हातमोजे मात्र उगाच जपून ठेवू नका. त्यांचा दुप्पट वार एका हाताच्या शस्त्रासाठी आहे, धनुष्याला त्याचा काही उपयोग नाही. हॅग्ज एंडमधला प्राचीन बुरखा मात्र ३५ टक्के देतो.

इथेच गेमची मोठी उणीव उघडी पडते. चारही जागा भरल्या, ओव्हरड्रॉ पूर्ण झाला की पुढचे सगळे डाकू एका बाणाचे. ड्रॅगनही तळ्यापलीकडून पडतात. मजा टिकवायची असेल तर तेव्हाच मास्टर डिफिकल्टीवर जा: तुमचा डॅमेज निम्मा, अंगावर येणारा दुप्पट. लेजंडरीवर तुमचा पाव आणि त्यांचा तिप्पट, तिथे मात्र एका-एका लांडग्याला भाता रिकामा करावा लागतो आणि ते कंटाळवाणं होतं.

विकत घ्यायचा तर स्पेशल एडिशन पुरे. त्यात डॉनगार्ड ही जोडकथा आहेच, म्हणजे क्रॉसबो, ऑरिएलचं धनुष्य आणि मुख्य म्हणजे भट्टीवर बाण बनवायची सोय: एक लाकूड, एक धातूची वीट, चोवीस बाण. डॉनगार्डमधलंच झेफर नावाचं ड्वॉर्व्हन धनुष्य, आर्कंगथम्झमधलं, नेहमीपेक्षा ३० टक्के वेगाने चालतं. डॅमेज जेमतेम १४, तरी हातात आलं की डेड्रिक पेटीत पडून राहतं. अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनमध्ये जादूच्या बाणांचा वेगळा संच मिळतो, पण आधीच सोपा झालेला धनुर्धर त्याने आणखी सोपा होतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.