यांत्रिक झडप की जैविक झडप?

हृदयातील महाधमनीची झडप बदलण्याचा सल्ला मिळालेले, पन्नाशी ओलांडलेले डिचोलीचे एक परिचित या निवडीपाशी अडले आहेत. टिकाऊपणात कार्बनची यांत्रिक झडप सरस आहे. ती बहुधा जन्मभर पुरते, तर गाय किंवा डुकराच्या ऊतींची जैविक झडप साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, तरुणपणी त्याहूनही लवकर.

परंतु यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वारंवार तपासावा लागतो. आठवडाभर रोज तांबडी भाजी आणि मग महिनाभर मुळीच नाही, असेही चालत नाही, कारण पालेभाजीतील के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम घटवते. (हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, मात्र आडकाठी नाही.) सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून तपासणीसाठी येणे जमेल का, हा प्रश्न मला झडपेच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो. जैविक झडपेचा खरा खर्च पुढे, पुन्हा झडप बदलताना येतो.

पन्नाशीच्या आतल्या, औषधात नियमित असणाऱ्यांना यांत्रिक झडप योग्य ठरते. पासष्टीपुढे, रक्तस्रावाचा धोका असल्यास किंवा मातृत्वाची इच्छा असलेल्या तरुणींना बहुधा जैविक. आमच्या परिचितांचे वय मधले असल्याने त्यांचा कौल तपासण्यांच्या शिस्तीवरच ठरावा.