दिल्ली मेट्रो, बस आणि माझे दहा महिने: सविस्तर अनुभव

जून 2025 मध्ये परभणीहून यूपीएससीच्या क्लाससाठी दिल्लीला गेले, ओल्ड राजेंद्रनगरला, करोल बाग मेट्रो स्टेशनजवळ, राहिले. आमच्याकडे जास्तीत जास्त काय, तर नांदेड साइड की मनमाड साइड एवढंच विचारायचं आणि गाडीत बसायचं. त्यामुळे हे सगळं वाचताना कुणाला वाटेल की एवढं काय त्यात, तर त्यांनी सोडून द्यावं, हे माझ्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे.

पहिली चूक स्टेशनातच झाली. सचखंड एक्स्प्रेसने नवी दिल्लीला उतरले, गर्दी ज्या बाजूला चालली होती तिकडं मीही चालत गेले आणि पहाडगंज साइडला बाहेर पडले. नवी दिल्लीचं मेट्रो स्टेशन अजमेरी गेट साइडला आहे, म्हणजे प्लॅटफॉर्म 16 कडं, पहाडगंज म्हणजे प्लॅटफॉर्म 1 ची बाजू. दोन बॅगा, ऊन असं की बोलायलाच नको, परत पुलावर चढायचं जिवावर आलं आणि ऑटोवाला म्हणाला मेट्रो बहोत दूर है, झालं, मागितले तेवढे दिले. गंमत म्हणजे पहाडगंजच्या बाजूनं रामकृष्ण आश्रम मार्ग हे ब्लू लाइनचं स्टेशन जवळ आहे, ई-रिक्षानं तिथं गेलं की झंडेवालान आणि मग करोल बाग, लाइन बदलायचीसुद्धा गरज नाही. म्हणजे मी चुकून बरोबर बाजूलाच बाहेर पडले होते पण ते कळायला दोन महिने गेले!

आता मेट्रो. लोक नकाशा पाठ करा म्हणतात, करू नका, उपयोग नाही. तुम्हाला कुठं जायचंय त्याहीपेक्षा ती लाइन शेवटी कुठं जाते ते माहीत पाहिजे, कारण पाट्यांवर दिशा म्हणून शेवटच्या स्टेशनचंच नाव असतं. यलो लाइनला एका टोकाला समयपूर बादली आणि दुसऱ्याला मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम (जुने लोक अजून हुडा सिटी सेंटरच म्हणतात, रस्ता विचारला की तेच नाव सांगतात). ब्लू लाइन तर यमुना बँकला फुटते, एक गाडी नोएडाकडं, एक वैशालीकडं. मला लक्ष्मीनगरला मैत्रिणीकडं जायचं होतं, ते वैशालीच्या फाट्यावर. मी फोनवर बोलत बोलत आली ती गाडी पकडली आणि थेट अक्षरधाम. परत यमुना बँकला येऊन गाडी बदलली. गाडीच्या तोंडावर आणि प्लॅटफॉर्मच्या बोर्डावर लिहिलेलं असतं हो, वाचत कोण.

दुसरी गोष्ट गेट नंबर. कुणी भेटायला बोलावलं तर स्टेशनचं नाव पुरत नाही, गेट नंबर विचाराच. राजीव चौकात चुकीच्या गेटनं वर आलात तर कॅनॉट प्लेस या गोल बाजाराचा अर्धा गोल चालायचा आणि तिथले पांढरे खांब सगळे सारखेच दिसतात, मी एकदा एकाच दुकानासमोरून दोनदा गेले. आणि हो, खाली राजीव चौक असलं तरी वर सगळे सीपीच (म्हणजे कॅनॉट प्लेस) म्हणतात. आत लाइन बदलायला फरशीवर लाइनच्या रंगाची पावलं काढलीयत, त्यांच्या मागं मागं जायचं, मान वर करून पाट्या शोधत बसलात तर मागचे ढकलतात.

बायकांचा डबा पहिला, म्हणजे गाडी जिकडं चाललीय त्या टोकाचा. जाताना एका टोकाला, येताना दुसऱ्या, हे मला पटकन लक्षात राहायचं नाही. पण डबा सोन्यासारखा आहे, संध्याकाळी राजीव चौकाला मधल्या डब्यात शिरून बघा मग कळेल. बॅगा मशीनमधून जातात, तपासणीची बायकांची रांग वेगळी, सकाळी त्यासाठी दहा मिनिटं हातात ठेवाच.

पैशाचं सांगायचं तर मी असतानाच 25 ऑगस्ट 2025 ला भाडं वाढलं, आता 11 पासून 64 पर्यंत. मेट्रोचं कार्ड घ्या, क्यूआरच्या कागदी तिकिटासाठी रोज कशाला उभं राहायचं. कार्डावर 10 टक्के कमी, आणि सकाळी 8 च्या आत, दुपारी 12 ते 5 किंवा रात्री 9 नंतर आत शिरलं तर अजून 10. म्हणजे 32 चे 25 रुपये 60 पैसे. मी टेस्ट सोडली तर सगळी कामं दुपारी करायला लागले, घरचे म्हणायचे ऊन उतरल्यावर जात जा, त्यांना काय सांगणार.

पण मेट्रोची एक खरी अडचण मला फार उशिरा कळली. शहर कळतच नाही. खाली गेलं, वर आलं, मधलं सगळं गायब. जनपथला जायचं म्हणून मी दोन-तीन वेळा करोल बागहून मंडी हाउसपर्यंत जाऊन तिथं व्हायोलेट लाइन धरली. एकदा रूममेट, सांगलीची, म्हणाली अगं येडी आहेस का, राजीव चौकाला उतर आणि चाल. पाच-सात मिनिटं! मेट्रोच्या नकाशावर बघितलं तर वाटतं केवढा वळसा आहे. मंडी हाउसला मात्र जाणं व्हायचंच, कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन तिथून चालत आहे, घरची आठवण आली की मराठी ऐकायला म्हणून चक्कर.

म्हणून मग बस. मी होते तेव्हा बायकांना गुलाबी तिकीट मिळायचं, फुकट, 2019 पासून. आपल्या एसटीत अर्धं तिकीट असतं तेच केवढं वाटायचं. फक्त कंडक्टर आपल्याकडं येत नाही, तो त्याच्या जागेवर बसलेला असतो, आपण जाऊन तिकीट घ्यायचं. मी पहिल्या दिवशी बसूनच राहिले, येईल की म्हणून, शेवटी एक काकू ओरडल्या, बेटा टिकट ले आ. बसची वाट किती बघायची याचा भरवसा नाही, परीक्षेला वगैरे अजिबात जाऊ नका, क्लासलासुद्धा नको.

पण एका रविवारी आम्ही दोघी तीव्र मुद्रिकेत बसलो. मुद्रिका म्हणजे अंगठी, रिंग रोडवरून गोल फिरणारी बस, कसलं भारी नाव आहे. राजघाट, सराय काले खां, लाजपतनगर, एम्स, धौला कुआं, नारायणा, पंजाबी बाग, आझादपूर, सगळी नुसती ऐकलेली नावं एका ओळीत खिडकीबाहेर लागली आणि मला पहिल्यांदा कळलं की कशाच्या शेजारी काय आहे. सांगलीकर आझादपूरच्या आधीच झोपली. आम्ही ते पहिल्या महिन्यात करायला पाहिजे होतं, दहाव्या नाही.

मेट्रोच्या कार्डात अजून थोडे पैसे आहेत, धाकटा भाऊ जूनमध्ये निघतोय, त्याला दिलंय. त्याला एवढंच सांगितलंय की पहाडगंजलाच बाहेर पड आणि ऑटोवाल्याशी बोलू नको.