वरळी आणि कर्जत-जामखेड: दोन तरुण आमदार

आदित्य ठाकरे आणि रोहित पवार दोघेही 2019 मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले, दोघेही बड्या घराण्यांतले. पण वाट वेगळी. आदित्य हे निवडणूक लढवणारे पहिले ठाकरे, आणि थेट आमदारकीलाच उभे राहिले. रोहित 2017 मध्ये पुणे जिल्हा परिषदेत निवडून आले होते. मग बारामती सोडून त्यांनी दुष्काळी कर्जत-जामखेड निवडलं आणि तेव्हाचे मंत्री राम शिंदे यांना 43,347 मतांनी हरवलं. हे धाडस मला जास्त भावतं.

कामाचा कल मतदारसंघासारखाच. पर्यावरणमंत्री असताना आदित्य यांनी ‘माझी वसुंधरा’ अभियान आणि 2021 चं इलेक्ट्रिक वाहन धोरण पुढे नेलं. रोहित यांना मंत्रिपद मिळालं नाही. 2023 मध्ये नोकरभरतीच्या प्रश्नांवर त्यांनी पुणे ते नागपूर युवा संघर्ष यात्रा काढली.

2024 ने दोघांनाही घाम फोडला. वरळीत 67,427 चं मताधिक्य 8,801 वर आलं. रोहित तर जेमतेम 1,243 मतांनी तरले. हरलेले राम शिंदे मात्र महिनाभरात विधान परिषदेचे सभापती झाले!